दिवा तोच, नाव दुसरं

पेट्रोलवर चालणाऱ्या गजराच्या घड्याळाला वीजबचतीचं प्रमाणपत्र मिळेल का? २०१० साली अमेरिकेत मिळालं. सरकारी कारभार तपासणाऱ्या ‘जीएओ’ने अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांच्या नावाने ‘एनर्जी स्टार’कडे २० बनावट उत्पादनांचे अर्ज केले. त्यातले १५ मंजूर झाले. एक तर रूम हीटरला धूळ झटकायचा पिसांचा कुंचा आणि माश्या पकडायच्या चिकटपट्ट्या लावून केलेला ‘एअर क्लीनर’ होता! चांगलीच नाचक्की झाली. २०११ पासून त्रयस्थ प्रयोगशाळेच्या चाचणीशिवाय शिक्का मिळेनासा झाला.

दिव्यांच्या धंद्यात मात्र नव्याने चाचणी न करता प्रमाणपत्र मिळवण्याची एक वाट उघडीच आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. कितीतरी एलईडी दिवे खोक्यावर ज्याचं नाव असतं त्याने बनवलेलेच नसतात. कारखाना एकाचा, ब्रँड दुसऱ्याचा. अमेरिकेत दुकानं, गोदामं, रस्ते यांच्या दिव्यांची यादी ‘डिझाइनलाइट्स कन्सॉर्टियम’ म्हणजे डीएलसी ही संस्था ठेवते. त्या यादीत असलेल्या दिव्यांवरच अनेक वीज कंपन्या ग्राहकाला सवलत देतात, त्यामुळे प्रत्येक ब्रँडवाल्याला यादीत शिरायचं असतं. मूळ दिवा आधीच यादीत असेल, तर त्याला सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. मूळ उत्पादकाने लेखी कबूल करायचं, की हा माझाच दिवा, फरक आहे तो नावाचा आणि मॉडेल नंबरचा.

या सवलतीचं कारण चाचण्यांच्या लांबीत आहे. एलईडी चिप किती दिवसांत मंदावते ते पाहायला ती किमान ६,००० तास, म्हणजे सलग २५० दिवस चालू ठेवतात, तीही ५५ आणि ८५ अंश सेल्सिअससारख्या ठरलेल्या तापमानांना. त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा, पण चाचणीच्या सहापटीपलीकडे जायचं नाही. शिवाय तयार दिव्यात चिपला खेटून तापमान मोजायची बारीक तार चिकटवतात आणि प्रत्यक्ष फिटिंगमध्ये चिप किती तापते ते बघतात. खोक्यावरचं नाव बदलून यातलं काहीही बदलत नाही.

ड्रायव्हर बदलला की मात्र बदलतं. घरातल्या विजेचा चिपला झेपेल असा स्थिर प्रवाह करणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. ऑर्डर मोठी आणि भाव घासून ठरलेला असला, की कात्री लावायचा मोह इथेच होतो. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. तो गरजेपेक्षा लहान बसवला, तर अमेरिकेत दिवा सेकंदाला १२० वेळा आणि आपल्याकडे १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना पत्ता लागत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. बाहेरून दिवा हुबेहूब तोच! ‘फरक फक्त नावाचा’ हे वाक्य तिथे खोटं पडतं आणि अर्ज कितीही बारकाईने वाचला तरी ते कळत नाही. म्हणून डीएलसी यादीतले काही दिवे नंतर मागवून पुन्हा तपासते. मला विचाराल तर या व्यवस्थेचा खरा जीव त्या फेरतपासणीत आहे. नव्या ब्रँडचा दिवा कोणत्या मूळ दिव्यावरून आला याची नोंद असल्याने, एकात खोट सापडली की त्याची भावंडंही शोधता येतात.

आपल्याकडे एलईडी बल्बवर बीआयएसचा, ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक लागतो. ही नोंदणी कारखान्याच्या पत्त्याशी बांधलेली असते. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला, की नामांकित कंपनीच्या बल्बमागेही कधी कधी भलत्याच गावचा, नाव न ऐकलेला कारखाना निघतो. त्यात गैर काही नाही. तिथेच नोंदलेल्या ब्रँडचं नावही दिसतं. ते खोक्यावरच्या नावाशी जुळलं नाही, किंवा क्रमांक बल्बऐवजी दुसऱ्याच कुठल्या वस्तूचा निघाला, तर बल्ब दुकानदाराच्या हातात परत द्यावा.