नाताळचा फराळ आणि पंचवीस तारखेची बैठक

कुणी मेथी निवडत असेल, कुणी भाकरी थापत असेल. हात चालू ठेवा आणि ऐका. आज आपण नाताळविषयी बोलणार आहोत. पण सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमचा बचत गट नगर जिल्ह्यातल्या एका गावातला. आम्ही बारा जणी, त्यांतल्या तिघी ख्रिस्ती घरातल्या. गट सुरू झाला तेव्हा दर महिन्याच्या २५ तारखेला बैठक ठरली. तारीख लक्षात ठेवायला सोपी, एवढंच कारण. पहिल्याच डिसेंबरात त्या तिघी आल्या नाहीत. नियमाप्रमाणे आम्ही प्रत्येकीच्या नावावर १० रुपये दंड लिहिला. जानेवारीत तिघींनी काही न बोलता तो भरला. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षी दंड भरताना त्यांच्यातल्या एक ताई हसून म्हणाल्या, "दहा रुपयांचं काही नाही हो. पण तुम्ही कधी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बैठक ठेवाल का?"

आमच्या तोंडून शब्द फुटेना. दिवाळीत बैठक आली की आम्ही ती न विचारता आठ दिवस पुढे ढकलत होतो. नाताळ २५ डिसेंबरला असतो हे शाळेत शिकलो होतो, कॅलेंडरवर तो आकडा लाल छापलेला रोज दिसत होता, तरी आमच्या डोक्यात आलं नाही. त्याच दिवशी बैठकीची तारीख २० केली आणि तीन वर्षांचा दंड परत केला. ताई म्हणाल्या, "पैसे राहू द्या गटात. तुम्ही पोळपाट-लाटणं घेऊन फराळाला या." त्या डिसेंबरात आम्ही गेलो. जे पाहिलं, शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

चांदणी आणि गव्हाणी

नाताळ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. पोर्तुगीज भाषेत जन्मोत्सवाला 'नाताल' म्हणतात. गोव्यात पोर्तुगीज १५१० मध्ये आले, वसई त्यांच्या हाती १५३४ मध्ये गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, शब्द मात्र मराठीत राहिला. आपल्या नगरकडे ख्रिस्ती धर्म वेगळ्या वाटेने आला. इथे १८३१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी काम सुरू केलं. त्यामुळे वसई-गोव्याकडे बहुतेक कॅथलिक कुटुंबं, तर आपल्याकडे प्रॉटेस्टंट कुटुंबंही पुष्कळ आहेत. रीतीभातींत फरक आहे, पण सण एकच, येशूच्या जन्माचा.

दारावर टांगलेली चांदणी तुम्ही पाहिली असेल. येशूचा जन्म झाला तेव्हा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना एका ताऱ्याने वाट दाखवली, अशी बायबलमधली कथा आहे. त्या ताऱ्याची ही आठवण. बाजारात प्लॅस्टिकच्या चांदण्या मिळतात. पण ताईंच्या घरी बांबूच्या कामट्या सुतळीने बांधून, वर पतंगाचा कागद चिकटवून, आत बल्ब सोडून चांदणी करतात. आपण आकाशकंदील करतो तसंच. मुलांचे दोन दिवस त्यात मजेत जातात, खळ सांडते, कागद फाटतो, पुन्हा चिकटवतात. ताई सांगतात, "विकतच्या चांदणीकडे पोरं एकदा बघतात. ही मात्र रोज संध्याकाळी पेटवायला भांडतात."

दुसरी गोष्ट गव्हाणी. बाळाला ठेवायला जागा मिळाली नाही, म्हणून त्याला गव्हाणीत निजवलं, अशी कथा आहे. गव्हाण म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ज्या गव्हाणीत आपण रोज बैलांना कडबा टाकतो, तीच ही. हा सण गोठ्यातल्या बाळंतपणाचा आहे, हे आमच्यातल्या एका आजीबाईंना इतकं आवडलं, की त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीचे हालच झाले की गं!"

म्हणूनच पुष्कळ घरांत गोठ्याचा देखावा करतात. वसई आणि गोव्याकडे तर तो फार हौसेने करतात. देखाव्यात हिरवं शेत दिसावं म्हणून आठ-दहा दिवस आधी ताटलीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरतात. आपण घटस्थापनेला धान्य पेरतो त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पाणी घालायचं काम मुलांचं, आणि सकाळी उठून किती उगवलं ते बघायचं हेही मुलांचंच.

फराळ आपलाच

आम्हाला वाटलं होतं, नाताळ म्हणजे केक. ताईंच्या घरी गेलो तर परातीत करंजीचं पीठ भिजलेलं! करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, रव्याचे लाडू. धर्म बदलला तरी आजीच्या हाताची चव कोण सोडतं? आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ बव्हंशी दिवाळीचाच असतो. गाण्यांचंही तसंच. डिसेंबरच्या थंडीत मंडळी ढोलकी, टाळ आणि पेटी घेऊन रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरतात. लांबून ऐकलं तर भजनच वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी ओवी-अभंगाच्या वळणाने ख्रिस्ती भजनं रचली, ती मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. मंडळी दारात आली की घरच्या बाईने मोठ्या पातेल्यात चहा ठेवायचा, हा रिवाज.

किनारपट्टीवर मात्र फराळाची तऱ्हा वेगळी. नारळ घरचा, म्हणून दोदोल, नेवऱ्या, कलकल असे प्रकार. कलकल आम्हीही शिकलो, कारण ते करायला लहानथोर सगळे लागतात. अर्धा किलो मैदा, वाटीभर बारीक रवा, चवीपुरती पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे तुपाचं कडकडीत मोहन. नारळाच्या दुधात घट्ट भिजवायचं. आपल्याकडे नारळ महाग पडतो, साधं दूध चालतं. अर्धा तास झाकून ठेवायचं. मग सुपारीएवढी गोळी घेऊन नव्या, स्वच्छ कंगव्याच्या दातांवर दाबून पसरवायची आणि गुंडाळायची. शंखासारखी रेघारेघांची वळकटी तयार होते. काट्याच्या चमच्यावरही जमते. मंद आचेवर बदामी रंगावर तळायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर मऊ पडतात.

आणि केकसाठी भट्टी नाही म्हणून अडून बसू नका. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर रिंग ठेवा, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा. मग आत केकचा डबा ठेवून मंद आचेवर पाऊण तास. मध्ये सुरी टोचून बघा. कोरडी निघाली की झाला. ते मीठ फेकू नका, पुढच्या केकला कामी येतं. नानकटाईचं तर विचारूच नका. पूर्वी घरचा मैदा, साखर, तूप घेऊन बायका बेकरीत जात आणि भट्टीवर भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणत. रांगेत उभं राहून चार गप्पा व्हायच्या, तोच सण.

ताट कुणाकडे जातं?

पण आम्हाला सगळ्यांत जास्त भावलं ते ताट. फराळ झाला की पहिलं काम ताट भरायचं, वर विणलेला रुमाल टाकायचा आणि शेजारी पाठवायचं. गोव्यात याला कोंसुआद म्हणतात. ख्रिस्ती घरातून हिंदू शेजाऱ्याकडे नाताळचं ताट जातं, आणि चतुर्थी-दिवाळीला हिंदू घरातून उलट येतं. ताट कधी रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडचीही रीत. काही नसलं तर साखर तरी घालायची.

ताईंच्या ताट भरण्यात एक बारकावा होता. ज्या घरी अंडं चालत नाही त्या घरच्या ताटात केक बिनअंड्याचा, आणि त्यासाठी भांडीही वेगळी वापरलेली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या आमच्या घरांचे उपास, सोवळं, आवडीनिवडी सगळं जाणून होत्या. आम्हाला त्यांच्या सणाची तारीखही लक्षात नव्हती.

आणखी एक ताट त्यांनी बाजूला काढून ठेवलं. ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलं होतं त्या घरासाठी. तिथे यंदा कढई चढणार नाही, मग मुलांच्या तोंडात गोड कसं पडणार? आपल्याकडेही दुःखाच्या घरी दिवाळीचा फराळ नातेवाईक नेऊन देतात. रीत एकच, फक्त महिना वेगळा.

कर्जाचा नाताळ

करंज्या लाटता लाटता तिथेच एक गोष्ट कळली, आणि ती ऐकून आम्ही ओशाळलो. तिघींपैकी दुसऱ्या एका ताईंनी आदल्या नाताळात एका खासगी सावकाराकडून ८,००० रुपये उचलले होते. मुलांचे कपडे, पाहुण्यांचं जेवण, घराचा रंग. व्याज महिना शेकडा ५, म्हणजे दरमहा ४०० रुपये. जूनपर्यंत त्यांनी २,४०० रुपये भरले आणि मुद्दल मात्र ८,००० चं ८,००० च. शाळा उघडली तेव्हा मुलीच्या दप्तराला पैसे नव्हते.

आम्ही विचारलं, गटाकडे का मागितलं नाहीत? आपला दर शेकडा २ आहे, आणि ते व्याजही शेवटी आपल्याच गटात राहतं. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी तुम्ही सगळ्यांना विचारता, कुणाला सणाची उचल हवी का. नाताळच्या आधी कुणी विचारत नाही. आपण होऊन काय मागायचं?"

मैत्रिणींनो, दंडाचे १० रुपये आम्ही परत करू शकलो. त्या २,४०० रुपयांचं काय करणार?

त्यानंतर गटात तीन गोष्टी ठरल्या. पहिली, वर्षाच्या सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर बाराही घरांचे मोठे सण लिहायचे आणि प्रत्येकीला तिच्या सणाच्या महिनाभर आधी विचारायचं. दुसरी, सणाची भिशी. आठवड्याला २० रुपये वेगळे काढायचे. ४८ आठवड्यांत ९६० रुपये जमतात. एका घरच्या फराळाच्या सामानाला त्याने चांगला हातभार लागतो. तिसरी, तेलाचा १५ किलोचा डबा आणि मैदा-रवा-साखर एकत्र आणून वाटून घ्यायचं. दिवाळीला एकदा, नाताळला एकदा.

हे सगळं सरळ झालं असं नाही. त्या ताईंचे मालक सुरुवातीला नाराज होते. "घराला रंग नाही दिला तर पाहुणे काय म्हणतील?" शेवटी रंग नाहीच दिला. चुना आणून त्यांनी स्वतः भिंती पांढऱ्या केल्या. आमच्यातल्या शिवणकाम येणाऱ्या एकीने मुलीचा फ्रॉक शिवून दिला. सावकाराचं मुद्दल गटाच्या कर्जातून फेडलं, आणि ते गटाचे हप्ते अजून चालू आहेत. पण नाताळच्या सकाळी उपासनेहून आल्यावर त्या म्हणाल्या, "यंदा जेवताना डोक्यात आकडे नव्हते."

या वर्षी एवढं करा

तुमच्या गटाच्या वहीत बघा, कुणाच्या सणाच्या दिवशी बैठक येते का. नाताळ, ईद, भीमजयंती, दिवाळी, सगळं बघा. येत असेल तर तिने मागण्याआधी तारीख बदला. शेजारी ख्रिस्ती घर असेल तर ताट येण्याची वाट बघू नका, लाटणं घेऊन जा. चकली पाडायला माणूस कुठल्याही घरी कमीच पडतं.

आमच्या गटाची डिसेंबरची बैठक आता २० तारखेला ताईंच्या अंगणात होते. वही एका बाजूला, परात एका बाजूला. हिशेब पूर्ण झाल्याशिवाय कढई चढत नाही, असा आमचा नियम आहे. आणि तो मोडला तर दंड? तोही १० रुपयेच, पण सगळ्यांना सारखा.

ऐकणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना नाताळच्या शुभेच्छा. सलाम, जय ख्रिस्त, आणि नमस्कार!