अकरावीचा पसंतीक्रम कसा लिहाल?

समजा, तुम्ही डोंबिवलीत राहता आणि मनातून ठाण्याचे बांदोडकर महाविद्यालय हवे आहे. मग अकरावीच्या अर्जात कल्याणचे बिर्ला 'नक्की मिळेल' म्हणून वर का लिहिता? संगणक आधी गुणानुक्रम पाहतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जागा शिल्लक असलेले पहिले महाविद्यालय देतो. म्हणजे बांदोडकर हुकले तरी खाली लिहिलेल्या बिर्लावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही! उलट, पहिल्या पसंतीचे मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद.

महाविद्यालय-प्रवेशाचे असले गणित गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ साली मांडले. शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र सकाळची गच्च लोकल संगणकाच्या हिशेबात नसते; ती तुम्हालाच धरावी लागेल.