नटाचें प्रतिरूप आणि त्याची वहिवाट

१९८९ सालीं अमेरिकेंत ‘बॅक टु द फ्यूचर’ या चित्रपटाचा दुसरा भाग प्रदर्शित झाला. पहिल्या भागांत नायकाच्या वडिलांची भूमिका करणारा क्रिस्पिन ग्लोव्हर या वेळीं नटसंचांत नव्हता. त्याचा चेहरा मात्र पडद्यावर होता. पहिल्या चित्रपटांतील वार्धक्याच्या रंगभूषेसाठीं घेतलेला त्याच्या चेहऱ्याचा साचा निर्मात्यांपाशीं शिल्लक होता. त्यावरून मुखवट्याचे भाग तयार करून ते दुसऱ्या नटाच्या तोंडावर चढविण्यांत आले. ग्लोव्हरनें दावा लावला आणि तो आपसांत मिटला.

तो साचा निदान एका कपाटांत होता. त्या कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे हें विचारतां येत होतें. आजचा साचा आंकड्यांचा असतो. नटाला असंख्य दिव्यांच्या गोलाकार पिंजऱ्यांत बसवितात. दिवे क्षणोक्षणीं बदलत असतां भोंवतालचे कॅमेरे त्याच्या त्वचेवरील सुरकुती न् सुरकुती, घामाची चकाकी, हंसतांना व रागावतांना पडणाऱ्या घड्या टिपून घेतात. त्यांतून संगणकांत सिद्ध होणारें प्रतिरूप हव्या त्या प्रकाशांत, हव्या त्या कोनांतून उभें करतां येतें. स्टुडिओकडून तें दृश्यचमत्कार करणाऱ्या कारखान्याकडे जातें, तेथून पोटकंत्राटदाराकडे, क्वचित् दुसऱ्या देशांत. प्रत्येक ठिकाणीं एक नक्कल उरते, आणि मूळ व नक्कल यांत तिळमात्र फरक नसतो.

याच प्रश्नानें २०२३ सालीं हॉलिवुडमधील नटांच्या संपाला धार आणली. तो १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत ११८ दिवस चालला. गर्दींत उभा राहणाऱ्या एक्स्ट्राचें प्रतिरूप एका दिवसाच्या मजुरींत टिपून घेऊन तें कायमचें वापरण्याचा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे, असा नटसंघाचा आरोप होता. निर्मात्यांच्या मंडळानें तो नाकारला. अखेर झालेल्या करारांत प्रतिरूप टिपण्यापूर्वीं सामान्यतः ४८ तास आधीं सूचना देणें, उपयोगाचें पुरेसें स्पष्ट वर्णन करून नटाची संमति घेणें आणि एक्स्ट्रांची ठरलेली संख्या चुकविण्यासाठीं प्रतिरूपें न वापरणें, अशीं बंधनें आलीं. नटानें वेगळी मर्यादा घातली नसेल तर त्याची संमति मृत्यूनंतरहि चालू राहते. सही करणाऱ्यानें हें कलम दोनदां वाचलेलें बरें.

येथून पुढचें काम वकिलाचें कमी आणि कारकुनाचें जास्त आहे. प्रतिरूप केव्हां टिपलें, कोणत्या चित्रपटासाठीं, कोणत्या कलमान्वयें, नक्कल कोणाकोणास दिली, काम संपल्यावर ती पुसली काय, या नोंदी नसतील तर संमतीचा कागद आणि प्रत्यक्ष वापर यांची सांगड घालणार कोण? फाइलीलाच तिच्या उगमाची सही जोडण्याची पद्धति निघाली आहे. परंतु फाइल नव्या रूपांत उतरवितांना ती सही सहज गळून पडते. म्हणून वहीला पर्याय नाहीं. नामांकित नट आपलें प्रतिरूप एजन्सीच्या तिजोरींत ठेवूं शकतो. एक्स्ट्राला तशी तिजोरी नाहीं.

भारतांत अनिल कपूर यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०२३ मध्यें, अरिजित सिंग यांना मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०२४ मध्यें संरक्षण दिलें. पण हे मनाईहुकूम परक्या नक्कलकारांविरुद्ध होते, आणि मागणारे ख्यातनाम होते. २०१२ सालीं सुधारलेल्या कॉपीराइट कायद्यानें कलावंताला स्वतंत्र हक्क दिले खरे. मात्र त्याच दुरुस्तीनें एक अपवादहि घातला. चित्रपटांत ज्याचें काम प्रासंगिक स्वरूपाचें आहे आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणें ज्याचें नांव श्रेयनामावलींत येत नाहीं, तो कायद्याच्या दृष्टीनें कलावंतच नव्हे. गोरेगांवच्या चित्रनगरींत गर्दींत उभ्या राहणाऱ्या माणसाला या कायद्याखालीं एकच दाद मागतां येते : आपल्या कामाची विकृति होऊन आपली अब्रू गेली, ही. आणि ती मागण्यासाठींहि आपला चेहरा कोठें वापरला गेला, हें त्याला आधीं कळावें लागतें.