आत राहिलेली नळी

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली तेव्हा महाराष्ट्रात उन्हाळा तापायला लागला होता, म्हणजे मुतखड्याचा हंगाम सुरू होत होता. घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. कमरेतून जांघेत उतरणाऱ्या कळांनी बेजार झालेली माणसं एरवी या दिवसांत ओपीडीत रांग लावतात. त्या वर्षी बऱ्याच ओपीडी बंद होत्या, आणि चालू होत्या तिथे पाऊल टाकायला लोक धजत नव्हते. घरोघरी कुळथाचं कढण उकळलं, पानफुटीची पानं चावली गेली. ‘बिअर प्या, खडा पडेल’ हा मित्रमंडळींचा लाडका सल्ला तेवढा दारूची दुकानं बंद असल्यामुळे वाया गेला. तो तसाही वायाच जायचा.

मुतखड्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा सवडीने, तारीख ठरवून करायचं असतं, त्यामुळे पहिली कात्री त्यावर चालली. भूलतज्ज्ञ अतिदक्षता विभागात गुंतले होते. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि त्या क्षणी विषाणूचे तुषार उडण्याची भीती होती. शिवाय मे २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ने एक आंतरराष्ट्रीय पाहणी छापली. ऑपरेशनच्या आगेमागे कोविडची लागण झालेले निरनिराळ्या शस्त्रक्रियांचे १,१२८ रुग्ण त्यात होते. त्यांतले २३.८ टक्के महिनाभरात दगावले होते. हा आकडा समोर असताना न दुखणारा खडा काढायची घाई कोण करणार?

मग कोणाला थांबवायचं? युरोपातल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ऑपरेशनांचे चार गट पाडले. सहा महिने लांबली तरी बिघडणार नाही अशी एका टोकाला, आणि चोवीस तासांच्या आत झालीच पाहिजेत अशी दुसऱ्या टोकाला. मूत्रपिंडात निवांत बसलेला खडा पहिल्या गटात. खडा मूत्रवाहिनीत अडकलाय आणि सोबत थंडी वाजून ताप आलाय, तर तो रुग्ण शेवटच्या गटात. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की पू होतो, तो रक्तात उतरला की जीव धोक्यात. अशा वेळी खड्याच्या मागे न लागता आधी वाट मोकळी करायची: खालून दुर्बीण घालून नळी टाकायची, नाहीतर पाठीतून सुई घालून लघवी बाहेर काढायची. पाठीतून करायचं काम तेवढीच जागा बधिर करून होतं. भूलतज्ज्ञ मिळत नसताना हा मोठाच आधार होता.

कागदावर हे चोख होतं. फक्त रुग्ण स्वतःला कोणत्या गटात धरतो, याचा विचार त्यात नव्हता. माणूस दुखण्यावरून ठरवतो, आणि मुतखड्यात दुखणं विश्वासाचं नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला असेल, किंवा तुंबलेल्या मूत्रपिंडाने लघवी करणंच कमी केलं असेल. आतला दाब उतरला की कळ जाते, खडा तिथेच राहतो. असा पुरता अडथळा काही आठवडे राहिला तर गेलेलं काम पूर्ण परत येत नाही. ‘किडनीला सूज’ आहे की नाही, हे सोनोग्राफीतच कळतं. २५ मार्च २०२०ला केंद्र सरकारने फोनवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले, त्याने पुष्कळांची सोय झाली. पण फोनवर सूज दिसत नाही. मध्य इटलीतल्या रुग्णालयांनी त्या काळातल्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कळ घेऊन येणारे कमी झाले होते, पण जे आले त्यांच्यात गुंतागुंत जास्त होती.

मला मात्र सगळ्यात जास्त काळजीचे वाटतात ते अर्ध्यावर सुटलेले रुग्ण. दुर्बिणीने खडा काढल्यावर किंवा तुंबलेली वाट मोकळी करताना मूत्रवाहिनीत एक मऊ नळी ठेवतात, डॉक्टरांच्या बोलीत ‘डीजे स्टेंट’. तिचं एक वळलेलं टोक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. ती असेपर्यंत वारंवार लघवीला लागतं, जळजळ होते, कधी लघवी लाल होते. काही आठवड्यांत काढली तर दहा-पंधरा मिनिटांचं काम, तेही बहुधा जागा बधिर करून. तीन महिने उलटले की तिच्यावर क्षार बसायची धास्ती वाढत जाते. मग नळीच खडा होते, ओढली तर तुटते, आणि ती काढायला एकापेक्षा जास्त ऑपरेशनं लागू शकतात. काहींना तिचा त्रास होतो, काहींना सवय होते. सवय झालेले विसरतात.

टाळेबंदीत एसटी बंद, दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास, आणि ज्या रुग्णालयात नळी टाकली तिथे आता कोविड वॉर्ड. ‘ताप नाही, दुखत नाही’ म्हणणाऱ्याला पुढची तारीख देणं सोपं होतं. माझ्या मते नळी काढणं हे सवडीच्या यादीत टाकायचं कामच नाही. ज्या विभागांनी नळी टाकलेल्यांची वेगळी वही ठेवली आणि फोन करून बोलावलं, त्यांनी मोठं काम केलं. नळीला बांधलेला बारीक दोरा बाहेर ठेवायचा आणि रुग्णाने सांगितलेल्या दिवशी तो घरीच ओढायचा, ही जुनी पद्धतही निवडक रुग्णांसाठी कामाची होती.

साथीने आणखीही गमती केल्या. मुतखड्याच्या कळेवर डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधं पहिल्या पसंतीची. त्याच जातीतलं आयबुप्रोफेन कोविडमध्ये घातक असल्याचा इशारा मार्च २०२०मध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी दिला आणि जगभर घबराट पसरली. तसा पुरावा नसल्याचं युरोपीय औषध नियामकांनी चारच दिवसांत सांगितलं. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांचा तळ दिसतो, त्यामुळे खडा शोधताना काहींचा कोविडच सापडला. आणि प्रतिकारशक्तीसाठी लोकांनी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मुठीने खाल्ल्या. या जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच. स्वीडनमधल्या पुरुषांवरच्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं होतं. लिंबूपाण्याला हा दोष नाही. त्यातलं सायट्रेट उलट खडा धरू देत नाही.

२०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर ऑपरेशनं पूर्ववत होऊ लागली, तेव्हा नवी अट आली: कोविड होऊन गेल्यावर सवडीच्या ऑपरेशनला किमान सात आठवडे थांबा. तेवढ्यात काही खडे वाढले होते. लघवीच्या वाटेने लेझर नेऊन जमलं असतं, त्या कामासाठी काहींना आता पाठीतून छिद्र पाडून घ्यावं लागणार होतं.