व्हिडिओ कॉलवरचा डॉक्टर आणि गांजाची चिठ्ठी

ही गोष्ट गेल्या सेमिस्टरची. होस्टेलवरच्या आमच्या एका मित्राचे आजोबा आष्टीकडच्या खेड्यात असतात. त्यांना कॅन्सर झाला. दुखण्याने रात्र रात्र झोप नाही. कुणीतरी मित्राला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला : अमेरिकेत पेशंट घरी बसून डॉक्टरशी बोलतो आणि त्याला औषधी गांजाचं प्रमाणपत्र मिळतं. मित्राचा प्रश्न साधाच होता, "मग आपल्याला का नाही?" आम्ही शोधायला बसलो.

पहिलं आश्चर्य हे, की तिथेही डॉक्टर गांजा 'लिहून' देत नाही. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी 1996 मध्ये मतदानाने औषधी गांजाला परवानगी दिली, पण केंद्राची बंदी उठली नाही. म्हणून डॉक्टर फक्त शिफारस करतो : याला अमुक आजार आहे, उपयोग होऊ शकेल. 2002 मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने ठरवलं, की एवढ्यासाठी सरकारला डॉक्टरवर कारवाई करता येणार नाही. पुढे 2020 मध्ये कोविड आला आणि अनेक राज्यांनी ही तपासणी व्हिडिओ कॉलवर करायला मोकळीक दिली. म्हणजे दार कायद्याने आधीच उघडलं होतं, कॉलमुळे फक्त प्रवास वाचला.

आपल्याकडे कॉलची सोय आली, पण ते दार बंदच आहे. 25 मार्च 2020 ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही औषधं फोनवरूनही देता येतात, काही पहिल्यांदा व्हिडिओवर पाहूनच. आणि एक यादी सरळ मनाईची. अंमली पदार्थविरोधी कायद्यातली (1985) औषधं या मनाईत येतात. त्या कायद्याप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. तो किलोभरापेक्षा कमी सापडला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोबाइलवर आलेलं 'कार्ड' तिथे कामाला येत नाही.

मग जाहिरातीत दिसणारं 'विजया तेल' काय? नुसती पानं या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत आणि आयुर्वेदात भांगेला औषध म्हणून जागा आहे. त्या आधारावर काही कंपन्या ऑनलाइन वैद्यांच्या सल्ल्याने अशी औषधं विकतात. पण भांगही विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत आहे. अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. शिवाय महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो. तेव्हा लायसन्स नंबर नसलेली बाटली घ्यायचीच नाही.

आता आपण इंजिनिअर लोक म्हणणार, नेटवर्क आहे, कॅमेरा आहे, अडतंय कुठं? अडतं ते असं, की कॅमेरा पोट चाचपत नाही आणि गोळी शेवटी कुणाच्या तोंडात गेली हेही सांगत नाही. पण म्हणून दूरचा डॉक्टर निरुपयोगी नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडावर ताप आला तर 'ई-संजीवनी'वर सरकारी डॉक्टर फुकट भेटतो, दिवसाची मजुरी बुडत नाही.

आणि कॅन्सरच्या वेदनेचं काय? त्यासाठी मॉर्फिन आहे, तेही कायदेशीर. 2014 मध्ये अंमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. फक्त ते प्रत्यक्ष तपासून घेऊनच मिळतं. व्यसन लागेल या भीतीने घरचेच नको म्हणतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर ती भीती फार कमी असते.

मित्र आजोबांना जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "म्हातारा आज घोरतोय रे!"

तुमच्याही घरी असं दुखणं असेल तर व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा : "वेदनेवर उपचार कुठं मिळतील?"