समुद्र सोसतो, सीट सोसत नाही

कंबरदुखीचं माणूस परदेशी समुद्रकिनारी निघालं की घरचे सगळे समुद्राचीच धास्ती घेतात. लाटेनं पाडलं तर? वाळूत पाय मुरगळला तर? पाण्यातच उसण भरली तर? साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. फुकेतला जाऊन आल्यापासून माझं मत पक्कं झालंय. कंबरेचं वाटोळं होतं ते सीटवर बसून. समुद्र बिचारा कंबरेच्याच बाजूचा आहे.

माझं दुखणं जुनं. सगळी नोकरी फळ्यासमोर उभं राहण्यात आणि वह्यांचे गठ्ठे उचलण्यात गेली. निवृत्तीच्या सुमाराला कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर आल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. आमच्या सातारा-सांगलीकडे याला ‘मणक्यात गॅप’ म्हणतात, आणि एवढं ऐकलं की निम्मं माणूस तिथंच खचतं. भाजी निवडायला खाली बसणं बंद, देवदर्शनाच्या पायऱ्या बंद, प्रवास तर नावच काढायचं नाही. माझा भाचा मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. (१८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून आमच्याकडच्या रोग्याची पावलं तिकडेच वळतात.) त्यानं माझी भीती आधी आकड्यांनी घालवली. काहीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या शंभरातल्या तिसांची चकती फुगलेली निघाली आणि पन्नाशीत हेच प्रमाण साठाच्या घरात गेलं. म्हणजे फिल्ममध्ये काही दिसलं म्हणून माणूस मोडीत निघत नाही. “मावशी, गॅप सगळ्यांनाच असतो, तुमचा फक्त फोटो निघालाय,” असं तो म्हणाला.

थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकली आणि आमच्या बहिणी-बहिणींच्या भिशीत फुकेतचं नाव निघालं. माझं माहेर सांगलीचं, धाकट्या दोघी अजून तिकडेच असतात. सहलवाल्यांच्या कार्यक्रमात पहिल्याच ओळीला ‘रात्री पुशबॅक बसनं मुंबईकडे प्रस्थान’ असं होतं. मी तिथंच आडवी आले.

बसणं एवढं वाईट का? स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं राहताना असणारा दाब १०० धरला, तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४० च्या आसपास भरला, पुढं वाकून बसल्यावर १८५ पर्यंत गेला आणि उताणं झोपल्यावर २५ वर आला. पुढं १९९९ मध्ये जर्मनीत याच धर्तीवर मोजमाप झालं, तेव्हा सैल, मागं रेलून बसण्यात तसा जाच नाही असं दिसलं. दोन्हीतून माझ्यासारखीनं घ्यायचं ते एवढंच, की टेकून बसा, आणि एकाच ठिकाणी फार वेळ बसूच नका. आता बसमध्ये, पेठ–सांगली रस्त्याचे खड्डे चुकवणाऱ्या किंवा खंबाटकीची वळणं घेणाऱ्या गाडीत, माणूस टेकून तरी कुठं बसतो? पुढच्या सीटचा दांडा धरून, अंग आवळून, रात्रभर वाकलेलाच असतो.

म्हणून आम्ही कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. सांगलीकर सांगलीत चढले, आम्ही साताऱ्याला माहुलीच्या स्टेशनावर. मला खालचा बर्थ. गुडघ्यांखाली घडी केलेली शाल घेऊन आडवी झाले ती मुंबईतच उठले. स्टेशनापासून विमानतळापर्यंत टॅक्सी करावी लागते, हा खर्च वाढतो खरा. पण परदेशातला पहिला दिवस हॉटेलच्या खोलीत कण्हत काढायचा असेल, तर बसचे वाचवलेले पैसे काय कामाचे? बसशिवाय गत्यंतर नसेल तर निदान मागच्या चाकाच्या वरची सीट घेऊ नका आणि गाडी थांबेल तिथं चहा प्यायचा नसला तरी उतरा.

सामानाचं वेगळंच प्रकरण. आमच्या बायकांच्या बॅगा भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि चकल्यांनी भरलेल्या. परदेशात काय मिळेल न मिळेल! विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावरून बॅग ओढताना माणूस एकाच वेळी वाकतो, वळतो आणि वजन उचलतो. चकतीला याहून वाईट काही नाही. मी बॅगेला हात लावला नाही. धाकटी बहीण फणकारली, “आक्का, तुझं राजेशाही आहे!” पण बॅग तिनंच उचलली. एकट्यानं जाणाऱ्यानं चारचाकी छोट्या दोन बॅगा घ्याव्यात, एकच मोठी घेऊ नये. आणि व्हीलचेअर मागायला लाजू नये. तिकीट काढतानाच सांगावं लागतं. चालता येत असलं, तरी इमिग्रेशनच्या रांगेत तासभर ताटकळणं कमरेला झेपेलच असं नाही.

विमानात कडेची सीट, कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल, आणि पट्टा बांधायचा दिवा विझला की उठून मागच्या स्वयंपाकाच्या जागेपर्यंत एक फेरी. मुंबई–फुकेत थेट विमान पाच तासांच्या आत-बाहेर पोचवतं. खिडकीशी बसलेल्या माणसाला शेजारच्यांना उठवायची भीड पडते आणि तो जागचा हलत नाही.

आता वाळू. वाळूवर चालणं सोपं वाटतं, पण बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजलं तेव्हा कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते असं दिसलं. पाय रुततो, टाच खाली जाते आणि तोल सावरायचं काम कमरेच्या स्नायूंवर येतं. त्यामुळं चालायचं ते पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवरून. तिथंही एक खोच आहे. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेनं लांब चालत गेलं की एक पाय सतत खालच्या अंगाला राहतो आणि कंबर वाकडी पडते. तेव्हा थोडं जायचं, त्याच वाटेनं परत यायचं. किनाऱ्यावरच्या त्या कापडी आरामखुर्च्या फोटोपुरत्या ठीक. त्यात पाठीला झोळ येतो आणि उठताना दोघींनी ओढून काढावं लागतं. त्यापेक्षा वाळूत चटई टाकून आडवं व्हावं, आणि उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठावं.

आणि पाणी! पाण्याबद्दल मी किती लिहू. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं निम्मं वजन पाणी उचलतं, छातीपर्यंत गेलं की पायांवर आणि मणक्यांवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरतं, गळ्यापर्यंत गेलं की दहाव्या हिश्श्याएवढं. समुद्राचं पाणी खारट, म्हणून गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळं ते आणखी थोडं उचलतं. मी पोहायला शिकले सांगलीत, कृष्णेच्या घाटावर, पाठीला वाळका भोपळा बांधून. आयर्विन पूल समोर दिसायचा. त्या पाण्याला ओढ असायची, हातपाय मारावेच लागायचे. फुकेतच्या काटा किनाऱ्यावर सकाळी पाणी इतकं शांत होतं, की मी छातीएवढ्या पाण्यात नुसती चालत राहिले. पुढं, मागं, आडवी. गुडघा छातीकडे घ्यायचा, सोडायचा. साताऱ्यात चार भिंतीचा चढ चढताना ज्या डाव्या पायात कळ उतरते, तो पाय पाण्यात कुणा दुसऱ्याचाच असावा तसा हलका झाला. आमच्यातल्या एकीला पोहता येत नव्हतं, ती कमरेएवढ्या पाण्यात माझा हात धरून तेच करत होती. पोहता यायलाच पाहिजे असं मुळीच नाही.

मात्र पोटावर पोहत, श्वासासाठी मान वर काढत राहिलं की कमरेला मागं बाक येतो आणि दुखणं वाढतं. उताणं तरंगावं. लाटेकडे पाठ करून उभं राहू नये, आणि लाट आली की गुडघे सैल सोडावेत. मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत अंदमान समुद्र खवळलेला असतो, फुकेतच्या किनाऱ्यांवर लाल झेंडे लागतात. कंबर दुखत असो वा नसो, लाल झेंडा असताना पाण्यात उतरायचं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा आपल्यासाठी खरा हंगाम.

समुद्राचं एकच अंग कमरेचं वैरी आहे, आणि ते म्हणजे स्पीडबोट. फी फी बेटांकडे नेणाऱ्या या बोटी लाटेवर उडतात आणि धाडकन खाली आपटतात. पुढच्या टोकाला बसलेल्याला तो दणका सगळ्यात जास्त बसतो. अशा दणक्यानं कमरेचा मणका चेपून फ्रॅक्चर झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. धक्क्यावर आमच्या गटातली तरुण मंडळी फोटोसाठी पुढं पळाली. मी बोटवाल्याला कमरेवर हात ठेवून दाखवलं. त्यानं काही न बोलता मागं इंजिनाजवळची जागा दाखवली आणि वर एक लाइफ जॅकेट घडी करून बुडाखाली दिलं. परत येताना पुढच्या दोघी आपण होऊन मागं येऊन बसल्या. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी तर स्पीडबोटीचा नादच सोडावा. त्याच बेटांना मोठी फेरी बोट जाते, वेळ जास्त लागतो, पण तिच्यात उठून फिरता येतं. बनाना बोट आणि पॅरासेलिंग यांचा तर विचारही नको.

मसाजचं काय, असं मला परत आल्यावर प्रत्येकीनं विचारलं. थाई मसाज म्हणजे ‘नुआद थाई’. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घेतात. माझ्या आजीनं शेजारच्या पायाळू पोराला त्यासाठी गूळ-खोबरं दिलेलं मी पाहिलंय. थाई बाई लाथ मारत नाही, पण गुडघा लावते, पाठीवर उभी राहते आणि अंग पिळून काढते. नुसते स्नायू आखडले असतील तर हलक्या मसाजनं बरं वाटतं. पायात मुंग्या येत असतील, कळ उतरत असेल, तर पिळणं आणि पाठीवर चढणं अजिबात करून घेऊ नये. मी फक्त पाय आणि खांदे चोळून घेतले. ‘बाव बाव’ म्हटलं की त्या हात हलका करतात.

पट्ट्याचंही सांगते, कारण आमच्या गावात कंबरपट्टा घातला की उपचार झाला असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याविषयी नीट माहिती, मसाजसारखे काही उपचार यांना जागा आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नका, असं सांगितलंय. शस्त्रक्रियेनंतर किंवा फ्रॅक्चरसाठी ज्यांना पट्टा दिला असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं. कडक फळीवर झोपायचा हट्टही सोडायला हरकत नाही. स्पेनमध्ये झालेल्या आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेल्या अभ्यासात मध्यम कडक गादी अतिकडक गादीपेक्षा सरस ठरली.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र चेष्टा नको. आपल्याकडे कंबरदुखीला पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते. भारतानं ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, आणि बाहेर काही देशांत तर त्याहून कडक कारभार आहे. २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन ईजिप्तमध्ये हुर्घाडाला, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्याच गावी, उतरली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. दुबईलाही हे औषध पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. तेव्हा पट्टीवरची बारीक अक्षरं घरीच वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या, गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. उन्हानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात, म्हणून पाणी पीत राहा. प्रवासविमा काढताना कंबरदुखी लपवू नका. आधीपासूनचा आजार सांगितला नाही, या कारणानं दावा नाकारला जातो.

एवढं करूनही तिकडे कंबर धरलीच तर? धरते. माझीही एका सकाळी धरली. अशा वेळी खोलीत पडून राहावंसं वाटतं. हेलसिंकीतल्या पालिका कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंथरुणाला खिळवलेल्यांपेक्षा, सोसेल तेवढी रोजची हालचाल चालू ठेवणारे लवकर बरे झाले. गरम पाण्याचा शेक, साधं पॅरासिटामॉल, दर थोड्या वेळानं चार पावलं, आणि दुपारी पुन्हा छातीएवढं पाणी, असा माझा दिवस गेला.

पण काही खुणा वेगळ्या असतात. लघवी अडली किंवा आपोआप व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर ते नेहमीचं दुखणं नव्हे. त्यात नसांचा गुच्छ दाबला गेलेला असतो आणि तासांवर खेळ असतो. सहलीचा कार्यक्रम, विमानाचं तिकीट, मिरजेचा भाचा, सगळं बाजूला ठेवून त्याच गावातलं मोठं रुग्णालय गाठायचं. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर १६६९ आहे आणि पर्यटक पोलिसांचा ११५५. निघण्याआधी दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा, आणि सोबतच्या एकीच्याही.