अरिष्ट आंबवणारी धायटी

पालघर जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी उजाडेपर्यंत बोईसर-पालघरच्या पूर्वेकडच्या टेकड्या करड्या पडतात. उतारावरची माती पातळ, पाणी केव्हाच वाहून गेलेलं, गवत वाळलेलं. नेमकी याच दिवसांत धायटी फुलते. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीच्या आसपासच्या उतारांवर नजर ठेवली, तर बाकदार फांद्यांना लगडलेले लाल झुबके ओळखू येतात.

धायटीचं शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल ताम्हण ही तिची भावंडं, सगळी एकाच कुळातली. लिनियसने १७५९ मध्येच या झुडपाची नोंद केली होती. तिच्या फुलाचा लाल रंग पाकळ्यांचा नसतो. तो निदलपुंजाच्या सेंटिमीटरभर लांबीच्या नळीचा असतो. पाकळ्या नळीच्या कडेला इवल्याशा. ही नळी चिवट असते आणि फूल सरल्यावरही न गळता आतल्या बोंडाला वेढून राहते.

नळीच्या तळाशी मध साठतो. शिंजीर चोच खुपसतो तेव्हा बाहेर डोकावणाऱ्या पुंकेसरांचे पराग त्याच्या डोक्याला लागतात आणि पुढच्या झुडपावर पोचतात. मधमाश्याही येतात. फुलाफुलांतून फिरणाऱ्या या पाहुण्यांबरोबर आणखी एक जीव प्रवास करतो : यीस्ट. साखरेने भरलेला मध हे त्याचं आवडतं घर.

आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांना या यीस्टचाच उपयोग होतो. अशोकारिष्ट किंवा दशमूलारिष्ट करताना काढा निववून त्यात गूळ आणि धायटीची वाळलेली फुलं घालतात आणि भांड्याचं तोंड बंद करून ते ठेवून देतात. फुलांबरोबर आलेलं यीस्ट गुळातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. पाण्यात सहज न उतरणारी वनस्पतींतली द्रव्यं या अल्कोहोलमध्ये उतरतात आणि औषध नासत नाही. धायटीच्या फुलांत टॅनिनही भरपूर असतात. ती अनेक जिवाणूंची वाढ रोखतात. यीस्ट हा शब्दही नव्हता तेव्हापासून वैद्यांनी हे फूल हाताशी ठेवलं, ते अनुभवाच्या बळावर.

औषधासाठी लागणारी ही फुलं बहुतेक रानातूनच येतात. खुडलेल्या प्रत्येक फुलागणिक एक बोंड कमी होतं, आणि बोंडातलं बारीक बी हीच धायटीची पुढची पिढी. म्हणून झुडूप ओरबाडू नये. काही फांद्या पाखरांसाठी आणि बियांसाठी सोडाव्यात. त्याहून मोठी हानी वणव्याने होते. बी पिकण्याच्या काळातच आग उतारावर फिरते. खोडातून धायटी पुन्हा फुटते, पण त्या वर्षीचं बी जळून जातं.

अशा उतारांना आपण ओसाड म्हणतो आणि झाडं लावायची म्हटली की आधी तिथली झुडपं साफ करतो. पातळ माती धरून ठेवणारं, उन्हाळ्याच्या तोंडावर पाखरांना मध देणारं आणि औषधाला उपयोगी पडणारं झुडूप तिथे मुळात आहेच. खड्डे खणण्याआधी त्या उतारावर काय उगवतं हे एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरून पाहावं, आणि जिथे धायटी आहे तिथे तिला ठेवूनच वृक्षारोपणाचा आराखडा करावा.